एर्मेतेची जागा

"डाव्या हाताने, वहिनी. डाव्या हाताने घ्या," सान्ते म्हणाला.

निवेसने कॉफीचा कप डाव्या हातात घेतला. तिचा नवरा एर्मेते डाव्या हाताने घ्यायचा, म्हणून तिनेही तसाच घ्यायचा. थर्मास स्टेडियममधल्या त्यांच्या रांगेच्या एका टोकाकडून निघे आणि शेवटचा कप एर्मेतेच्या जागेवर येई. नोव्हेंबरात एर्मेते याच जागेवर बसल्याबसल्या वारला. कॉफीची वाट मात्र बदलली नाही.

आज मोसमातला शेवटचा रविवार होता. जिंकलं तर संघ 'सेरिये आ' या इटलीतल्या सर्वांत वरच्या विभागात टिकणार, नाहीतर खालच्या विभागात जाणार. त्या विभागाचं नाव या रांगेत कोणी घेत नसे. "तळघर" म्हणत, आणि तेवढं म्हटलं तरी अपशकुन टळावा म्हणून लगेच खिशातल्या लोखंडी किल्लीला हात लावत.

निवेसला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. दफनानंतरच्या पहिल्याच रविवारी ही मंडळी दारात उभी राहिली. "एर्मेतेची जागा रिकामी ठेवून चालणार नाही, वहिनी. त्याचाच कोट घालून या." त्यांना हाकलून द्यावं असं तिला वाटलं होतं. पण घरात प्रत्येक खोलीतून एर्मेतेचा खोकला ऐकू येत होता. तिने कोट घातला आणि निघाली.

तेव्हापासून घरच्या मैदानावरचा एकही सामना तिने चुकवला नाही. मंडळीही अशी, की सख्ख्या भावांनी करणार नाही इतकं करत. शेजारच्या खुर्चीतला सान्ते, पोस्टातून निवृत्त झालेला, तिला घरून आणायचा आणि घरी सोडायचा. मागच्या खुर्चीतला दुइलियो न्हावी थंडी पडली की स्वतःचा मफलर काढून तिच्या गळ्यात गुंडाळायचा. कशाला एवढं करतात, असं कधीकधी तिच्या मनात येई. मग एर्मेतेवर जीव होता म्हणून करतात, अशी ती स्वतःची समजूत घाली.

"आज आपण पुढे गेलो की कोणी हलायचं नाही," दुइलियोने बजावलं. "पायावरचा पायसुद्धा काढायचा नाही. मागे एकदा मला जोराची लागली होती, आणि आपण एका गोलने पुढे. उठलो का? पँट ओली केली, पण विजय घरी आणला!"

"आणि बायकोने तुला घराबाहेर काढलं," कोणीतरी म्हणालं. सगळी रांग हसली.

"हसा. तो बघा, सिगारेट आणायला उठला होता तो." दुइलियोने पार वर, खांबाजवळ एकट्या बसलेल्या म्हाताऱ्याकडे हनुवटी केली. "उठला आणि बरोबरीचा गोल बसला. अजून कोणी बोलतं का त्याच्याशी?"

निवेसही हसली. ही गोष्ट तिने बऱ्याचदा ऐकली होती.

मध्यंतरापर्यंत गोल झाला नाही. मध्यंतरात तिने सान्तेला नेहमीचा प्रश्न विचारला. खरं तर याच प्रश्नासाठी ती येत होती.

"त्याला त्रास झाला का हो?"

"नाही, वहिनी." सान्ते नेहमीसारखा रिकाम्या मैदानाकडे बघत होता. "शिट्टी वाजली, आपण जिंकलो, तो हसला, आणि मान टाकली. संपलं."

"म्हणजे शेवटपर्यंत पाहिलं त्याने."

"पाहिलं."

हे ऐकलं की तिला पुढचे काही दिवस झोप लागायची. त्या सकाळी एर्मेते छाती चोळत होता. जाऊ नकोस, असं ती म्हणाली. तरी तो गेला, आणि ती रागाने आतच बसून राहिली, दारापर्यंतही आली नाही. तो आनंदात गेला असेल तरच तिला स्वतःला माफ करता येणार होतं.

कोटाच्या खिशात त्याचा चष्मा होता. दवाखान्याने परत दिला तसाच. त्या दिवशी पावसाबरोबर बर्फ पडत होता, आणि थेंब वाळून काचा डागांनी पांढुरक्या झाल्या होत्या. एरवी एर्मेते एक थेंब काचेवर टिकू द्यायचा नाही. जिंकण्याच्या भरात पुसायचा राहिला असेल, असं तिने धरलं होतं. तिने तो पुसला नव्हता.

सामना संपत आला असताना आपला गोल झाला. सगळं मैदान उसळलं. रांग ओरडली, एकमेकांना भिडली, आणि मग जो जिथे बसला तिथेच थिजला. कोणी खोकेना. पाऊस सुरू झाला, पण कोणी टोपी पुढे ओढली नाही.

निवेसने सान्तेकडे पाहिलं. त्याच्या चष्म्यावर थेंब साचत होते. एकमेकांत मिसळून खाली ओघळत होते, पुन्हा साचत होते. तो पुसत नव्हता. काचांमागे डोळे उघडे होते. एक हात कोटाच्या आत छातीवर रुतला होता, आणि चेहऱ्याला राखेचा रंग आला होता.

"सान्ते? अहो सान्ते!"

त्याचे ओठ हलले, आवाज फुटला नाही. पलीकडचा माणूस मैदानाकडे बघत होता. त्याच्या पलीकडचाही.

खाली पायऱ्यांशी स्ट्रेचरवाले दोघे उभे होते. हाक मारली असती तर ऐकू गेली असती इतके जवळ. निवेस खुर्चीचे हात धरून उठू लागली.

मागून दोन हात तिच्या खांद्यांवर आले. मफलर गुंडाळताना असायचे तितकेच हळुवार. त्यांनी तिला परत खाली बसवलं.

"बसा वहिनी, बसा," दुइलियो तिच्या कानाशी म्हणाला. त्याची नजर चेंडूवर होती. "थोडंच राहिलंय. एर्मेतेच्या वेळीही आम्ही कोणी उठलो नव्हतो."