तीन वाजलेलं घड्याळ

बाईंनी फळ्यावर ‘सोमवार’ लिहिलं, त्याखाली ‘बुधवार’ लिहिलं आणि वर्गाकडे वळून हाताची घडी घातली.

“पकडलं!” दुसरीचा अख्खा वर्ग ओरडला. पुढचे दात पडलेला एक पोरगा धावत आला, तळहाताने बुधवार पुसून त्याने मंगळवार लिहिला आणि लढाई जिंकल्यासारखा जागेवर जाऊन बसला.

हा बाईंचा जुना खेळ. फळ्यावर मुद्दाम काहीतरी चुकवायचं आणि मुलांनी ते पकडायचं. या खेळामुळे त्यांच्या वर्गात कोणी पेंगत नसे. यंदा फरक एवढाच पडला होता की मुद्दाम चुकवायची गरज उरली नव्हती. काही लिहिलं की बाई आधी मुलांच्या तोंडांकडे बघत. तोंडं गप्प असली तर बरोबर. डोळे चमकले की चुकलंय, आणि मग बाई जणू आपणच खोडी काढल्यासारख्या हसत. आताचा बुधवार मुद्दामचा होता की नाही, हे त्यांना स्वतःलाही छातीठोकपणे सांगता आलं नसतं.

हे सगळं असंच खपून गेलं असतं. पण काल शाळा सुटताना बाईंनी एका मुलीचा हात भलत्याच आईच्या हातात दिला. मुलगी कोपऱ्यावर रडताना सापडली, आणि तिची खरी आई मुख्याध्यापिकांच्या टेबलावर हात आपटून गेली. मुख्याध्यापिकांना सगळी शाळा मोठ्या बाई म्हणते. त्या ओरडल्या नाहीत. “उद्या एक तास तुमच्या वर्गात बसते,” एवढंच म्हणाल्या. “मग बघू, वर्ग कुणाकडे द्यायचा ते.”

त्या आता शेवटच्या बाकावर बसल्या होत्या. लहान मुलांचं बाक, त्यामुळे त्यांचे गुडघे पार हनुवटीला आलेले. बाईंनी सकाळी चहा उकळेपर्यंत सगळे वार पाठ केले होते, उलटसुद्धा. वर्ग गेला तर घरी चार भिंतींकडे बघत बसायचं, याचीच त्यांना फार भीती वाटत होती.

त्यांनी आठ अधिक सहा लिहिलं आणि पुढे तेरा मांडले. डोळे चमकले.

“पकडलं!”

“अरे वा, आज तुम्ही मला श्वाससुद्धा घेऊ देणार नाही,” बाई हसल्या. मागे मोठ्या बाईही हसल्या. बाईंच्या जिवात जीव आला. निभावलं म्हणायचं.

“झकास आहे हो खेळ,” मोठ्या बाई म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात वाकडं काही नव्हतं. “पण आता एक बरोबर काढून दाखवा पाहू. आज घड्याळाचा धडा आहे ना? तीन वाजलेलं घड्याळ काढा.”

बाईंनी खडू उचलला. गोल झकास आला, इतक्या वर्षांचा हात होता तो. वर बारा लिहिले. मग एक, मग त्याला चिकटून दोन, मग तीन, चार. अंक उजव्या कडेने खाली उतरत गेले आणि तळाला पोचायच्या आतच अकरापर्यंत येऊन संपले. डावी बाजू कोरीच राहिली. काहीतरी राहिलंय हे बाईंना कळत होतं. काय, ते कळत नव्हतं.

त्यांनी मागे वळून तोंडांकडे पाहिलं. सगळीच्या सगळी उजळली होती.

“पकडलं! बाई, त्या बाजूला कोणी राहतच नाही!” दात पडलेला ओरडला, आणि वर्ग बाकं बडवून हसला.

मोठ्या बाई हसत नव्हत्या.

बाईंनी डस्टर फिरवला. पुन्हा गोल काढला, पुन्हा बारा. या वेळी एकेक अंक जपून, मनात म्हणत लिहिला. सगळे पुन्हा उजवीकडेच जाऊन दाटीवाटीने बसले. हसू या वेळी जरा कमी आलं. बाईंनी तेही पुसलं. तिसऱ्यांदा गोल काढताना खडू फळ्यावर करकरला आणि गोलसुद्धा नीट जुळला नाही.

पहिल्या बाकावरची एक मुलगी उठून उभी राहिली. प्रत्येक गोष्टीवर वाद घालते म्हणून बाईंनीच तिचं नाव वकील ठेवलं होतं.

“आता मुद्दाम नका ना करू, बाई,” ती म्हणाली. “आता खरं काढा.”

“खरंच काढतेय गं,” बाई म्हणाल्या. आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू येईना.

शेवटच्या बाकावर मोठ्या बाई उठायला गेल्या, पण गुडघे अडकले आणि त्या अर्धवट वाकलेल्या तशाच राहिल्या. “राहू दे, बाई,” त्या म्हणाल्या. “या, बसा तुम्ही. मी घेते पुढचं.”

बाई जागच्या हलल्या नाहीत. फळ्याला जवळजवळ नाक लावून त्या वेड्यावाकड्या गोलाकडे बघत राहिल्या. मघाशी दोनदा लिहिलेले बारा कुठे असतात, एवढं जरी आता आठवलं असतं.

वकील कोपऱ्यातलं स्टूल ओढत घेऊन आली आणि त्यावर चढली. नवीन मुलांना गिरवायला शिकवताना बाई त्यांच्या इवल्याशा मुठीवर आपला हात ठेवतात, तसाच तिने बाईंच्या मुठीवर आपला हात ठेवला. तो पुरेना, म्हणून दुसराही ठेवला.

“बारा वर असतात. त्यांच्यासमोर खाली सहा,” ती समजावत म्हणाली, आणि मूठ वर न्यायला लागली. मूठ जाईना.

“हात सैल सोडा, बाई. मी धरलाय ना.”

खडू मुठीतल्या मुठीत मोडला, तरी बाईंनी मूठ सोडली नाही.