ज्याचा पाय, त्याचा क्लच

टेबलावर क्लचची दोन खोकी होती. त्यातलं कोणतं उघडायचं यावर रविवारी घाटातली शर्यत कोण चालवणार, हे ठरणार होतं.

मामाच्या गॅरेजात कायदा एकच: ज्याचा पाय, त्याचा क्लच. गाडी चालवणाऱ्याने स्टुलावर बसायचं आणि भिंतीला उभं टेकवलेलं वजनाचं यंत्र डाव्या पायाने दाबायचं. यंत्राच्या काचेवर मामाने दोन रेषा ओढल्या होत्या. काटा हिरवीपर्यंत गेला तर साधा क्लच झेपेल, लालपर्यंत गेला तर जड. असं कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही म्हटलं, की मामा सांगायचा, पुस्तकांना पाय नसतात.

गाडी दुरुस्तीच्या खड्ड्यावर उभी होती, गिअरबॉक्स खाली उतरवलेला. दार सताड उघडं टाकून मुलगा ड्रायव्हरच्या सीटवर ऐसपैस बसला होता. सीट पार मागे सरकवलेली. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हापासून गाडी त्याच्याच हातात होती. त्याआधी सीट पुढे असायची आणि आई याच गाडीतून घाटाच्या चढावर भल्याभल्यांना पाणी पाजायची. या रविवारी तिला पुन्हा स्वतःच चालवायची होती.

"या इंजिनाला साधा क्लच पुरत नाही," मुलगा म्हणाला. "जळून कोळसा झाला की! जडच लागणार."

"माझ्या पायाखाली बरा पुरला," स्टुलाजवळून आई म्हणाली.

"आई, मी जोरात चालवतो."

आई नुसती हसली. त्या चढावरचा विक्रम कुणाच्या नावावर आहे, हे गॅरेजातल्या उंदरांनाही ठाऊक होतं.

ती स्टुलावर बसली, चप्पल काढली आणि पाय रोवला. काटा हिरवी रेषा सहज ओलांडून गेला. लाल रेषेच्या अलीकडे तो थरथरला. गुडघ्यातून कळ निघाली ती थेट कमरेत. तिने दात आवळून आणखी रेटलं. काटा होता तिथेच राहिला.

तिने पाय काढून घेतला. वाईट वाटलं तिला, फार वाईट वाटलं. कधीपासून ती या रविवारच्या आशेवर गुडघ्याचा व्यायाम म्हणून जिना चढत-उतरत होती.

"तू वर शेवटच्या वळणावर उभी राहा," मुलगा हळूच म्हणाला. त्यालाही बरं वाटत नव्हतं. "तिथून सगळं दिसतं."

मामाने जड क्लचचं खोकं पुढे ओढलं. "ताई, कायदा तो कायदा."

"थांब. जुना कुठे टाकलास?"

जुना क्लच कोपऱ्यात तेलाच्या ट्रेशेजारी पडला होता. काळी ठिक्कर पडलेली प्लेट तिने बाजूला ठेवली. ती सगळ्यांनीच पाहिली होती. जळक्या प्लेटला दाबून धरणारी प्रेशर प्लेट मात्र आईने उचलून उजेडात धरली. तिच्या मधोमध पोलादी बोटांचं कडं असतं, क्लचचं पेडल दाबलं की बेअरिंग त्यांच्यावर रेलतं. त्या बोटांची टोकं जुन्या चमच्याच्या कडेसारखी झिजून चकचकीत झाली होती. मग तिने ते बेअरिंग फिरवलं. आत वाळू भरल्यासारखं ते करकरलं.

"जोरात चालवून प्लेट जळेल," ती म्हणाली. "पण त्यानं बोटं झिजत नाहीत, बेअरिंग असं खुळखुळं होत नाही. हे होतं पेडलवर सारखा पाय टेकून ठेवला की. क्लच अर्धवट सुटलेला राहतो आणि मग प्लेटही घासून घासून जळते."

"मी? पाय टेकून?" मुलगा उसळलाच. "काहीतरीच काय! गिअर बदलण्यापुरता पाय लावतो मी. तुझी शपथ!"

"माझी कशाला घालतोस? आत्ता कुठे आहे तुझा पाय?"

मुलाने खाली पाहिलं.

गाडी बंद. गिअरबॉक्स खड्ड्यात. क्लच आईच्या हातात. आणि त्याचा डावा पाय पेडलवर ऐटीत विसावला होता.

मामा इतका हसला की त्याला खोक्यांचा आधार घ्यावा लागला. मुलाने चटका बसल्यासारखा पाय काढला आणि मग त्यालाही हसू आवरेना.

"तुला हे दिसलं नव्हतं?" आईने मामाला विचारलं.

मामाचं हसू ओसरलं. "दिसलं होतं, ताई. पण तुझा गुडघाही दिसत होता."

"गुडघा माझा आहे. त्याचं मी बघते." तिने साधा क्लच असलेलं खोकं ओढलं आणि वरची चिकटपट्टी एका झटक्यात फाडली. आतली नवी प्लेट तिने छातीशी धरली, मग उगाचच कापडाने पुसली. कितीतरी दिवसांनी तिला गुडघ्याचा विसर पडला होता. "हाच बसव. बेअरिंग नवं घाल. आणि कायदा काय म्हणतो?"

"ज्याचा पाय..." मामा म्हणाला, आणि त्याने जड क्लचचं खोकं फळीवर, पार वरच्या कप्प्यात सरकवून दिलं.

मुलगा गाडीतून उतरला. क्षणभर तो दाराशी घुटमळला. मग वाकून त्याने सीटखाली हात घातला, खटका ओढला आणि सीट पुढे ढकलली. कट्, कट्, कट्. मान वर करून त्याने आईकडे पाहिलं.

"अजून एक खाच," आई म्हणाली.