प्लाझ्माचं स्थळ

शिरूरच्या कॉलेजात शिकवणारी तेजश्री प्लाझ्मातून, म्हणजे अतितप्त वायूतून, एकटीच धावणाऱ्या लाटेच्या गणितावर पीएच.डी. करत होती. तिला बघायला आलेला नवनाथ रांजणगावच्या एका कारखान्यात सुपरवायझर होता. विषय ऐकून तो हसला.

"आमच्याकडं प्लाझ्मानं रोज लोखंड कापत्यात. तुमच्या लाटंनं काकडी तरी कापंल का?"

सगळे हसले. तिचे आप्पासुद्धा.

"प्लाझ्मा म्हणजे काय, माहितीय तुम्हाला?" तिनं विचारलं.

"मशीन हाय. जर्मनीचं. आन् लग्नानंतर ही गणितं बंद."

"व्हय, करंल की बंद," आप्पा घाईनं म्हणाले.

तेजश्री शांतपणे उठली.

 

"आप्पा, ते मशीन लग्नाला तयार असंल तर त्याच्याशी बोलणी करा. ह्यांना जाऊ द्या."