तेल न लावलेला फिल्टर

इनासने तेल न लावलेला फोमचा हवेचा फिल्टर मोटारसायकलीत बसवला, झाकण लावलं आणि स्क्रू आवळले. आता बाहेरून कुणाला काही कळणार नव्हतं.

मॉरिस गाडीच्या पलीकडे उभा राहून हातमोजे चढवत होता. सगळं झालं का, त्याने विचारलं. झालं, इनास म्हणाला. पोराने पुढे काही विचारलं नाही. बापाच्या हाताखालून गेलेली गाडी परत तपासायची नसते, एवढं तो लहानपणापासून शिकला होता.

मानपाड्याच्या पलीकडे, बंद पडलेल्या खडी मशीनच्या मागे ट्रॅक आखला होता. मातीचे उंचवटे, खड्डे आणि सगळीकडे दगडाची भुकटी. पिठासारखी बारीक. सकाळपासून माणसांच्या पापण्या पांढऱ्या झाल्या होत्या.

शेजारी डोंबिवलीचा जगन मेकॅनिक आपली गाडी तयार करत होता. त्याच्याकडे विकतचा कागदी फिल्टर होता.

"इनासभाय, परत कुणाची गादी फाडलीस?" तो हसला. हा त्याचा जुना विनोद.

एरवी इनासने त्याला ऐकवलं असतं. या धुळीत कागद अर्ध्या शर्यतीत बुजतो. फोम बुजत नाही, पण तो निवडायला लागतो. सोफ्याचा चालत नाही. तोंडाला लावून फुंकर मारली की पलीकडच्या तळव्याला वारा लागला पाहिजे. तसा फोम वागळे इस्टेटमधली वर्कशॉपं पालथी घालून त्याने शोधला होता. आज तो झाकणाचे स्क्रू पुन्हा आवळत राहिला.

"आणि आज हात कोरडे कसे रे तुझे?" जगनने विचारलं.

इनासने हात खिशात घातले.

तेलाशिवाय फोम म्हणजे नुसती चाळण. खडा अडतो, भुकटी आत जाते. धूळ धरून ठेवतं ते तेल. इनासला हेच हवं होतं. भुकटी इंजिनात जाईल, पिस्टनच्या रिंगा घासेल, गाडीचा दम जाईल. मॉरिस मागे पडेल. मोटारसायकल कंपनीची माणसं आज टीमसाठी पोरं निवडायला आली होती. मागे पडलेल्या पोराकडे कोण बघतो? मॉरिस चिडून घरी येईल, चार दिवस जेवणार नाही, मग गॅरेजात येऊन पाना उचलेल. पण घरी येईल.

थोरला मुलगा पास्कल घरी आला नव्हता. तोही अशाच ट्रॅकवर पळायचा. उडी मारून चाकं जमिनीला टेकली आणि त्याच क्षणी इंजिन जाम झालं. मागचं चाक जागच्या जागी थांबलं. पोरगा हँडलवरून पुढे फेकला गेला, तो मानेवर पडला. या गाड्यांना पेट्रोलमध्येही तेल मिसळावं लागतं, आणि त्या दिवशी ते इनासने मिसळलं होतं. आपलंच माप चुकलं, तेल कमी पडलं, असं त्याने मनाशी धरलं. कुणाला बोलला नाही. चर्चमध्ये फादरपुढे कन्फेशनलाही नाही. आज म्हणून त्याने पेट्रोलमध्ये तेल जास्तच ओतलं होतं. गाडी धूर सोडेल, पण जाम होणार नाही. हळूहळू थकेल, एवढंच. त्याने सगळा विचार करून ठेवला होता.

त्याची बायको जुलिया ट्रॅकच्या कडेच्या दोरीपाशी उभी होती. पास्कलला मातीत ठेवल्यापासून ती ट्रॅककडे फिरकली नव्हती. आज चर्चमधली मिस्सा झाल्यावर काही न बोलता टेम्पोत येऊन बसली. पूर्वी फिल्टर तीच धुवायची. इनासच्या खरबरीत हातांनी फोम फाटायचा, म्हणून ते काम तिने आपल्याकडे घेतलं होतं. रॉकेलमध्ये बुडवायचा, साबणाच्या पाण्यात दाबायचा, पिळायचा नाही, सावलीत वाळवायचा. मग दुधाच्या रिकाम्या पिशवीत तेल घालून त्यात तो बाळाचं अंग चोळावं तसा चोळायची. पास्कल गेला आणि तिने फिल्टरला हात लावला नाही. इनासशीही ती कामापुरतंच बोलायची. त्याने कारण विचारलं नाही. पोराच्या हातात गाडी त्यानेच दिली होती, तेव्हा राग त्याच्यावरच असणार.

झेंडा पडला. गाड्या धुळीत शिरल्या. धुळीतून पहिला बाहेर आला तो मॉरिस. मोठ्या उंचवट्यावरून त्याची गाडी हवेत गेली, खाली आली, डगमगली आणि सरळ झाली. लोक ओरडले. जुलियाने दोरी गच्च धरली होती. दुसऱ्या हातात रोझरीची माळ होती आणि ओठ भराभर हलत होते.

इनासला ते बघवेना. कुणाला सांगायचं नाही असं ठरवलं होतं, तरी तो तिच्या कानाशी वाकला.

"घाबरू नको," तो म्हणाला. "मी फिल्टरला तेल लावलेलं नाही. गाडी आता थकत जाईल, तो मागे पडेल. उडी मारायला जोरच उरणार नाही. त्याला काही होत नाही."

त्याला वाटलं, आता तरी ती आपला हात धरेल. जुलियाचे ओठ थांबले. तिने वळून त्याच्याकडे पाहिलं, इतक्या दिवसांत पहिल्यांदा सरळ डोळ्यांत. तिच्या मागे मॉरिसची गाडी पुन्हा मोठ्या उंचवट्याकडे वळली होती, सगळ्यांच्या पुढे.

"त्या दिवशी पास्कलच्या फिल्टरला मी पण तेल लावलं नव्हतं," ती म्हणाली.