दहाची पानं
आपल्या निवृत्तीच्या निरोप समारंभात सर माईकवरून सांगत होते, "तीस वर्षं म्हणतोय, संकरित ज्वारीच्या पानात नत्र पचवणारं एन्झाइम तिच्या आईबापांच्या दुप्पट असतं. यंदा माझ्या या विद्यार्थिनीच्या मोजणीनं सिद्ध झालं!" टाळ्या पडल्या. माझी मान वर होईना. ऊन उतरलं की ते एन्झाइम मंदावतं, म्हणून सगळी पानं सकाळी दहालाच कापायची असतात. संकराची मी दहाला कापली. मग उन्हाला कंटाळून सावलीत गप्पा ठोकत बसले. आईबापांची कापली तेव्हा दिवस मावळत होता. वहीत मात्र तिन्हींपुढे दहाच लिहिलं. सरांनी पानं कापायची आपली जुनी कात्री माझ्या हातात ठेवली. तिला त्यांच्या अक्षरातली चिठ्ठी बांधलेली होती: 'दहा म्हणजे दहाच.' "ही आता तुझी. बोल काहीतरी," म्हणत त्यांनी माईक माझ्यापुढे धरला. चिठ्ठी मुठीत दडवून मी म्हणाले, "धन्यवाद, सर."