क्यारी आन

सुभेदार हंबीरराव पंगतीपुढं येऊन उभे राहिले आणि पत्रावळीकडं निघालेले सगळे हात जागच्या जागी थांबले. पाठी ताठ, मुठी गुडघ्यांवर, नजर समोर. शिराळ्याकडचं हे गाव, घरटी एक माणूस पलटणीत. जेवणघरात साहेब आला की काय करायचं, हे इथं कुणाला सांगावं लागत नव्हतं.

आता सुभेदारांनी "क्यारी आन" म्हणायचं आणि पंगतीनं जेवायला लागायचं. दुसऱ्या गावात यजमान "सावकाश होऊ द्या" म्हणतो, इथं हे. पलटणीतल्या साहेबांच्या त्या इंग्रजी 'कॅरी ऑन'ला गावानं चांगलंच कामाला जुंपलं होतं. मोटेवरच्या गड्याला म्हटलं तर चालू दे, गाऱ्हाणं घेऊन आलेल्याला म्हटलं तर पुरे आता, आणि परगावी निघालेल्याला म्हटलं तर नीट जा.

आजचं जेवण ज्ञानूच्या तेराव्याचं होतं. सुभेदारांचा एकुलता एक, इटलीच्या लढाईत गेला. तार आल्यापासून सुभेदार नुसत्या चहावर होते. आज तरी त्यांच्या पोटात गोड घास जावा, एवढंच हरणाबाईंच्या मनात होतं. त्या माजघराच्या दारातून नवऱ्याकडं बघत होत्या. सुभेदारांचे ओठ हलले, पण शब्द फुटेना. का फुटेना, ते हरणाबाईंना ठाऊक होतं. रजा संपवून निघालेला ज्ञानू पाया पडला, तेव्हा बाप त्याला हेच म्हणाला होता.

खीर निवत चालली. माश्या बसायला लागल्या, त्याही कुणी वारेना.

"नाथाजी भावजी," हरणाबाई दारातूनच म्हणाल्या, "सावकाश व्हऊ द्या. जेवा समदी."

नाथाजी पेन्शनीत निघालेला नाईक, पंगतीच्या टोकाला बसलेला. त्यानं मानही वळवली नाही. "आवं वैनी, हुकूम न्हाई अजून."

हरणाबाईंना संताप आला. पोर त्यांचंही गेलं होतं, आणि हे बाप्ये हुकमाची वाट बघत बसले होते. त्यांनी डोईवरचा पदर सारखा केला आणि जन्मात पहिल्यांदा पुरुषांच्या पंगतीपुढं येऊन नवऱ्याशेजारी उभ्या राहिल्या.

"क्यारी आन," त्या म्हणाल्या.

पंगतीत चुळबुळ झाली. नाथाजीनं सुभेदारांकडं पाहिलं. सुभेदार बायकोकडं बघत होते.

"तुमालाबी सांगितलंय," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

सुभेदारांनी टाचा जुळवल्या. मग नाथाजीच्या पलीकडं त्यांच्यासाठी वाढून ठेवलेल्या पानापुढं मांडी घातली आणि घास उचलला, तेव्हा कुठं पंगत हलली. डोळ्यांतलं पाणी मिशांवरून खिरीत टपकत होतं, आणि सुभेदार जेवत होते.