एक बोट फट

डांबरावरची काळी रेघ तुटक होती. चाकांनी जमीन धरली, सोडली, पुन्हा धरली, त्याचे ते डाग. रोंडाने वाकून टेप लावली. पहिल्या दोन डागांत चौदा इंच, पुढच्या दोनांत सतरा, मग एकवीस. गाडीचा वेग वाढत गेला होता, मागच्या चाकांची उडी मात्र एकाच ठेक्यात होती. झेंडेवाला ओळखीचा, म्हणून त्याने तिला शर्यतीच्या धावपट्टीवर अर्धं मिनिट उभं राहू दिलं होतं.

ती परत आली तेव्हा तिचे डॅडी गाडीच्या पुढच्या काचेवर बोट फिरवत होते. गाडी किती सेकंदांत पोचणार, तो आकडा चालवणाऱ्याने स्वतःच्या हाताने पांढऱ्या बूट पॉलिशने काचेवर लिहायचा, ही केंटकीच्या या डोंगरातल्या शर्यतींची जुनी रीत. हिरवी गाडी सत्तर सालची. तेव्हापासून काचेवरचं अक्षर डॅडींचंच, म्हणजे व्हर्जिलचंच. आता ते शहात्तर वर्षांचे होते. दोन वर्षं एकच सांगत होते, चाकांना आधी जमीन धरू दे, मग ठरवू कोण चालवायचं ते.

रोंडा अठ्ठेचाळीस वर्षांची होती आणि गावच्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवत होती. तिला कारण ठाऊक होतं. पायाखालचा जोर वाढला की मागच्या स्प्रिंगचे पाटे पिळवटायचे. ते अडवायला पाट्यांखाली दोन लोखंडी दांड्या होत्या, टोकाला रबराचे ठोकळे. ठोकळा आणि पाटा यांच्यात डॅडींनी दोन्ही बाजूंना बरोब्बर एक बोट फट ठेवली होती. पण इंजिनाचा पीळ उजवं चाक उचलतो, डावं दाबतो. उजवीकडची फट मिटवायला हवी, डावीकडची राहू द्यायची. हे तिने गॅरेजच्या फरशीवर खडूने चारदा काढून दाखवलं होतं. उभा जन्म सुतारकामात गेलेल्या माणसाने दोन्ही बाजू सारख्याच हव्यात म्हणून चारही वेळा खिशातली पाणसळ काढून दाखवली होती.

आज मात्र ते म्हणाले, "एकदाच."

ती गाडीखाली सरकली. उजवा ठोकळा पाट्याला टेकवला, नट आवळला. डावीकडे हात लावला नाही. शेजारच्या मांडवातला हॉइट सॅण्डविच खात खाली वाकून बघत होता.

"काय रे व्हर्जिल, गाडीची एका बाजूची दाढ दुखतेय का?"

डॅडींनी हेल्मेट चढवलं.

रोंडा कठड्यापाशी उभी राहिली. हिरवा दिवा लागला. गाडी जराशी थांबली, मग मागून बसली आणि सरळ निघून गेली. उडी नाही, थरथर नाही. डांबरावर दोन काळ्या रेघा उरल्या, सारख्या रुंदीच्या, कुठेही न तुटलेल्या. तिने टेप खिशातून काढलीसुद्धा नाही.

डॅडी वेळेची चिठ्ठी घेऊन आले, पण ती त्यांनी लगेच तिच्या हातात दिली नाही. पहिले साठ फूट सकाळी दोन पूर्णांक दहा सेकंदांत झाले होते, आता एक पूर्णांक अठ्ठ्याहत्तर. त्याच्या वरच्या ओळीत दिवा लागल्यापासून गाडी हलेपर्यंतचा वेळ होता. बासष्ट शतांश सेकंद, शर्यतीत फार मोठा. सकाळीही तेवढाच होता. सकाळी तो चाकांवर ढकलता आला होता.

फट मिटवताना रोंडाला हे दिसत होतं. गाडीतला दोष गेला की चिठ्ठीवर फक्त माणसाचा उरणार होता.  ती पान्याला लागलेलं वंगण पुसत राहिली.

हॉइट पुन्हा आला, या खेपेला सॅण्डविचशिवाय. गुडघे टेकून त्याने गाडीखाली डोकं घातलं. उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं.

"हे कुणाचं डोकं?" त्याने विचारलं.

"माझ्या पोरीचं," डॅडी म्हणाले. "वाकडं बसवलंय. नीट बघून घे."

मग त्यांनी खिशातून फडकं काढलं आणि काचेवरचा आपला आकडा पुसला. कोपऱ्यात राहिलेला पांढरा ठिपका नखाने खरवडला. हेल्मेट गाडीच्या टपावर ठेवलं आणि पॉलिशची बाटली तिच्यापुढे धरली.

"लिही तुझा आकडा," ते म्हणाले. "दुपारी तू बसणार."